गणपतीसमोरची आगगाडी वळणावर उतरते आहे – फ्लँज किती उंच करू?

दांडियाबाजारी | मंगळवार, रात्री ११:४०

मंडळी, गणपती अकरा दिवसांवर आलेत आणि माझी गाडी अजून रुळावर आलेली नाही. हे वाक्य शब्दशः घ्या.

आमच्या बडोद्यातल्या सोसायटीच्या गणपतीचं यंदा पंचविसावं वर्ष. देखावा ठरलाय 'गायकवाडांची रेल्वे'. एका बाजूला १८६२ सालची डभोई–मियागाम लाइन, म्हणजे रुळांवरून डबे ओढणारे बैल (हो, खंडेराव महाराजांच्या काळात ती लाइन बैलांवरच सुरू झाली), आणि दुसऱ्या बाजूला मूर्तीभोवती गोल फिरणारं इंजिन. बैलांचं काम पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे होतं. बैल झाले, रंगले, वाळलेसुद्धा. इंजिन माझ्याकडे आहे.

वाफ खरी नाही. आत बॅटरी आणि मोटर, धुरासाठी धुरांड्यात उदबत्ती. पण चाकं, कनेक्टिंग रॉड सगळं खऱ्यासारखं हवं हा माझा हट्ट. रचना २-८-२, म्हणजे पुढे दोन छोटी, मध्ये आठ मोठी, मागे दोन छोटी. मोठ्या चाकांचा व्यास ४० मिमी, चाकांच्या जोड्या जोडणारे दांडे म्हणजे चार अ‍ॅक्सल, दोन अ‍ॅक्सलमध्ये ५० मिमी. रुळांमधलं अंतर ४५ मिमी. रूळ म्हणजे ३ मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, प्लायवुडात खाच मारून उभी बसवलेली, दोन्ही बाजूंनी छोट्या स्क्रूंनी आवळलेली. वर्तुळाची त्रिज्या ७५० मिमी, कारण हॉलच तेवढा आहे.

चाकं मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एका टर्नरभाईंकडून पितळेत कातून घेतली. फ्लँज, म्हणजे चाकाला आतल्या बाजूने असते ती कड, १.५ मिमी उंच. कागद दाखवला तर म्हणाले, "थई जशे." आणि झालीही सुंदर. सरळ पट्टीवर गाडी लोण्यातून सुरी जावी तशी जाते. वळणावर आली की चार वीत जाते, आणि खडखड करून खाली.

तर प्रश्न सरळ आहे. फ्लँज किती उंच करू?


तिरकस तात्या | मंगळवार, रात्री ११:५८

इतिहासाची पुनरावृत्ती म्हणतात ती हीच. डभोईच्या लाइनीवर १८६३ मध्ये इंजिनं आली होती, पण रूळ इतके हलके होते की नियमित गाडी इंजिनावर चालायला १८७३ उजाडलं. मध्ये दहा वर्षं बैलच. तुझ्या हातात अकरा दिवस आहेत. काकूंना अजून एक बैलजोडी करायला सांगून ठेव.

अवांतर: बडोद्याच्याच लालबागेत प्रतापविलास पॅलेसमध्ये १९५२ पासून रेल्वेच्या साहेबलोकांची शाळा भरते, आणि हा प्राणी आंतरजालावर फ्लँज विचारतोय.


चहाबाज | बुधवार, सकाळी ७:१५

यात विचारण्यासारखं काय आहे? गाडी रुळावर कोण धरून ठेवतं? फ्लँज. गाडी उतरते, म्हणजे फ्लँज कमी पडते. दुप्पट कर. ३ मिमी.


अपडाउनवाला | बुधवार, सकाळी ७:५०

चहाबाज +१. शिवाय वळणावर बाहेरचा रूळ थोडा उचल, खऱ्या लाइनीवर असतो तसा. (हा प्रतिसाद सुरत मेमूतून, उभं राहून, एका हाताने.)


वक्ररेषा | बुधवार, दुपारी १:२०

थांबा, थांबा. ३ मिमी करू नका.

गाडी फ्लँजमुळे रुळावर राहते हा समज इतका पसरलाय की मी वर्गात विचारते तेव्हा चाळीसातली अडतीस मुलं हेच सांगतात. घरी करून बघा. चहाचे दोन कागदी कप घ्या आणि तोंडाला तोंड लावून चिकटवा. मधला भाग जाड, दोन्ही टोकं निमुळती. दोन काठ्या समांतर ठेवून, जरा उतार देऊन त्यावर हे सोडा. वाकडं सोडलं तरी डुलत डुलत मध्ये येतं आणि खालपर्यंत जातं. आता दुसरे दोन कप बुडाला बूड लावून चिकटवा आणि सोडा. वीतभरात खाली. फ्लँज दोन्हींत नाही.

रेल्वेचं चाक असंच असतं. रुळावर टेकणारा भाग, ज्याला ट्रेड म्हणतात, तो सपाट नसतो. फ्लँजच्या बाजूला किंचित मोठा, बाहेर किंचित लहान; जुना ठरलेला उतार २० ला १. दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर पक्की बसवलेली, स्वतंत्र फिरत नाहीत. वळणावर बाहेरच्या रुळाची लांबी जास्त, पण फेरे तर दोघांचे सारखेच. मग जोडी आपोआप बाहेर सरकते, बाहेरचं चाक जाड भागावर येतं, आतलं बारीक भागावर, आणि हिशोब जुळतो. मोटारीत ज्या कामाला डिफरन्शियल लागतो ते इथे नुसत्या आकाराने होतं.

आकडे हवेत? किती सरकावं लागेल ते असं काढायचं: चाकाची त्रिज्या गुणिले रुळांच्या मध्यापासून मध्यापर्यंतच्या अंतराचं अर्ध, भागिले (उतार गुणिले वळणाची त्रिज्या). ब्रॉडगेजला डब्याचं चाक साधारण ९१४ मिमी व्यासाचं धरा, वळण २ अंशाचं, म्हणजे ८७५ मीटर त्रिज्या. उत्तर येतं ९ मिमी. फ्लँज आणि रूळ यांत पुस्तकी मोकळीक एकूण १९ मिमी, एका बाजूला साडेनऊ. म्हणजे फ्लँज रुळाला न लागता डबा वळून जातो. जेमतेम.

आता वाफेचं इंजिन घ्या. चाक दीड मीटर व्यासाचं. तेच सूत्र, तेच वळण: १५ मिमी सरकायला हवं, आणि जागा आहे साडेनऊ. वर चार अ‍ॅक्सल एका चौकटीत घट्ट, आणि रॉडने एकमेकांना बांधलेली. म्हणून डब्याच्या फ्लँजला जे क्वचित करावं लागतं ते इंजिनाच्या फ्लँजला रोजचं काम आहे.


चहाबाज | बुधवार, दुपारी १:४५

वक्ररेषाताई, लेक्चर छान. मग चाकांना कप लावू का?


वक्ररेषा | बुधवार, दुपारी २:०५

उपहास पोचला. 😊 पण खरंच दांडियाबाजारींचे आकडे घातले तर उत्तर येतं १३ मिमी, आणि त्यांच्याकडे मोकळीक असेल एखाददुसरा मिमी. म्हणजे त्यांच्या वळणावर ट्रेडच्या उताराचा उपयोग जवळपास शून्य. तिथे चहाबाज अर्धे बरोबर आहेत, सगळा भार फ्लँजवरच आहे. पण उंचीने तो सुटणार नाही असं मला वाटतं.


दांडियाबाजारी | बुधवार, रात्री ९:३०

ताई, तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंत उशीर झाला होता. टर्नरभाईंनी दुपारीच नवीन चाकं कातून दिली. ३ मिमी फ्लँज. परिणाम: आता गाडी वळणावर तर उतरतेच, पण सरळ पट्टीवरही उडत उडत जाते. फ्लँज स्क्रूंच्या डोक्यांवर आपटते आहे. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, "हे घोडं आहे की इंजिन?"


जुना फिटर | बुधवार, रात्री १०:५५

दांडियाबाजारी, नमस्कार. मी नॅरोगेजच्या शेडमध्ये फिटर होतो. २ फूट ६ इंची लाइन, झेडबी जातीची वाफेची इंजिनं. आता रिटायर. नातवाने खातं उघडून दिलंय. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

तुमची फ्लँज स्क्रूवर आपटते याला आमच्याकडे नाव आहे, डीप फ्लँज. नवीन चाकाची फ्लँज ब्रॉडगेजला साडेअठ्ठावीस मिमी उंच असते. पळून पळून ट्रेड झिजतो, फ्लँजचं टोक झिजत नाही, म्हणून फ्लँज आपोआप उंच होत जाते. ३५ ला पोचली की चाक बाद, लेथवर. कारण हेच. फिशप्लेटच्या (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या) बोल्टवर, क्रॉसिंगच्या ठोकळ्यांवर आपटायला लागते. तुम्ही नवं कोरं चाकच बाद करून आणलंत.

फ्लँज चार प्रकारे वाईट होते. उंच झाली तर डीप. बाजूने झिजली तर थिन, मालडब्याला १६ मिमीच्या खाली चालत नाही. टोक सुरीसारखं झालं तर शार्प, ती सगळ्यात वाईट. सांध्यावर, म्हणजे गाडी लाइन बदलते तिथे, रुळाची जीभ मुख्य रुळाला टेकलेली असते, तिथे केसाएवढी फट राहिली तरी शार्प फ्लँज त्यात घुसते. अर्धी गाडी एका लाइनीवर, अर्धी दुसऱ्या. चौथा प्रकार मुळाशी, जिथे फ्लँज ट्रेडला मिळते तिथली गोलाई कमी होते.

आता मला दोन गोष्टी सांगा. एक, फ्लँजचा बाजूचा उतार किती, उभी आहे की कलती? फोटो टाका. दोन, कुठलं चाक चढतं? पुढचं की मधलं, आतलं की बाहेरचं? "गाडी उतरते" म्हणू नका. गाडी कधी उतरत नाही, चाक उतरतं, आणि पहिलं एकच असतं.


तिरकस तात्या | बुधवार, रात्री ११:१०

काका, शेवटचं वाक्य वाखुसा (वाचनखूण साठवली).


दांडियाबाजारी | गुरुवार, सकाळी ८:२०

काका, फोटो टाकलाय. १.५ मिमीवाला जुना संच परत चढवला. फ्लँज तिरकी आहे, ४५ अंश असेल. टर्नरभाईंनी चॅम्फर मारायच्या टूलनेच काढली म्हणे.

कुठलं चाक ते बघण्यासाठी मोबाइलवर स्लो मोशन काढलं, मुलीने टॉर्च धरला. मला वाटत होतं पुढचं बाहेरचं असणार. तसं नाही! मधल्या दोन अ‍ॅक्सलचं, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्याचं, आतल्या रुळावरचं चाक वर चढतं. ते चढलं की मग बाकीचे मागोमाग.


वक्ररेषा | गुरुवार, सकाळी ११:००

४५ अंश! काका, आधी मी थोडं बोलते, मग तुम्ही.

फ्रान्समध्ये नादाल नावाच्या इंजिनियरने १९०८ मध्ये एक सूत्र मांडलं, ते आजही वापरात आहे. चाकाला बाजूला ढकलणारा जोर भागिले त्या चाकावरचं वजन, हे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की फ्लँज रुळावर चढू शकते. ती मर्यादा दोनच गोष्टींवर ठरते, फ्लँजच्या बाजूचा कोन आणि घर्षण. उंची त्या सूत्रात कुठेही नाही.

कोनाची टॅन्जंट घ्या, त्यातून घर्षणाचा गुणांक वजा करा. खाली एक अधिक दोघांचा गुणाकार. आपल्या रेल्वेच्या जुन्या फ्लँजचा उतार अडीचास एक, म्हणजे ६८ अंशांच्या जरा वर. घर्षण ०.२५ धरलं तर मर्यादा १.४ येते. म्हणजे वजनाच्या जवळपास दीडपट जोर बाजूने लागला तरी चाक चढत नाही. आता दांडियाबाजारींचे ४५ अंश घाला: ०.६. निम्म्याहून कमी. रूळ कोरडा, घर्षण ०.५ असेल तर ०.३३. हा रुळाला टेकलेला जिना झाला, कुणीही चढेल.


चहाबाज | गुरुवार, सकाळी ११:२५

मग ९० अंश करा. उभी भिंत. सूत्राप्रमाणे चढणं अजून अवघड.


जुना फिटर | गुरुवार, दुपारी ३:४०

उभी भिंत केली तर मुळाशी कोपरा राहतो. रुळाचं डोकं गोल असतं, कोपऱ्यात बसत नाही, एका रेषेत घासतं आणि दोन्ही खातं. सांध्यावर जिभेला टक्कर देते ते वेगळंच. थोडा उतार, मुळाशी गोलाई, टोकाला गोलाई, असं तिन्ही लागतं. आणि झिजून झिजून चाक ज्या आकाराला येतं आणि तिथे थांबतं, तोच आकार नव्या चाकाला पहिल्यापासून द्यायचा असंही नंतर रेल्वेने केलं. घासण्यातून शहाणपण.

आता खरा रोग. ताईंचं सूत्र बरोबर, ७० अंश करून घ्याच. पण त्याने तुमची गाडी उतरायची थांबणार नाही. स्लो मोशनमध्ये तुम्ही उत्तर पाहिलंत, ओळखलं नाहीत.

चारही अ‍ॅक्सल एका पट्टीत सरळ रेषेत बसवलेत ना? रूळ गोल. सरळ पट्टी गोल रेषेवर ठेवली तर दोन टोकं टेकतात, मध्ये पोट राहतं. वाफेच्या इंजिनाचा हाच मोठा आजार. पहिला आणि चौथा अ‍ॅक्सल बाहेरच्या रुळाला टेकले की मधले दोन आतल्या बाजूला राहतात. किती ते काढा.


वक्ररेषा | गुरुवार, दुपारी ४:०५

मी काढते. टोकाचे अ‍ॅक्सल मध्यापासून ७५ मिमी, मधले २५. ७५ चा वर्ग ५६२५, २५ चा ६२५, फरक ५०००. भागिले त्रिज्येची दुप्पट, १५००. उत्तर ३.३ मिमी. दांडियाबाजारी, मोकळीक किती आहे?


दांडियाबाजारी | गुरुवार, दुपारी ४:३०

व्हर्निअरने मोजलं. फ्लँजच्या बाहेरून बाहेर ४३.५. रूळ ४५. म्हणजे एकूण १.५.


जुना फिटर | गुरुवार, दुपारी ४:५०

३.३ लागतात, १.५ आहेत. १.८ मिमी कुठून आणणार? मधल्या चाकाची आतली फ्लँज आतल्या रुळाला दाबते. रूळ सरकत नाही, चौकट वाकत नाही, मग चाक वर जातं. बिचाऱ्याला दुसरी जागाच नाही. फ्लँज ३ करा, ३० करा.

खऱ्या लाइनीवर याला चार उपाय. कडक वळणावर रुळांमधलं अंतर थोडं वाढवायचं, तुमची खाच पडलेली आहे म्हणून नाही. अ‍ॅक्सललाच बाजूला सरकायला मोकळीक द्यायची. ऑस्ट्रियाच्या ग्योल्सडॉर्फ या इंजिनियरने शंभरेक वर्षांपूर्वी दहा चाकी इंजिनांत हे नावारूपाला आणलं. पण तुमच्या रॉडच्या पिना ते मानणार नाहीत. तिसरा, मधल्या चाकांची फ्लँज पातळ करायची.

चौथा उपाय तुमचा. मधल्या दोन अ‍ॅक्सलच्या फ्लँज काढून टाका. पूर्ण. गुळगुळीत चाक.


चहाबाज | गुरुवार, संध्याकाळी ५:००

काका, आदर राखून म्हणतो. रुळावरून उतरणाऱ्या गाडीला उपाय म्हणून फ्लँज काढायची? हे म्हणजे घसरून पडणाऱ्याची चप्पल काढून घेण्यासारखं झालं.


अपडाउनवाला | गुरुवार, संध्याकाळी ६:४०

चहाबाज, ओल्या फरशीवर चप्पल काढूनच चालतात की राव.

काका बरोबर आहेत. ब्रिटिश रेल्वेचं ९एफ इंजिन, १९५४ ते १९६० मध्ये २५१ बनली, दहा जोडचाकांची मालगाडीची इंजिनं. त्यांच्या मधल्या जोडीला फ्लँजच नव्हती. दिशा द्यायला दोन टोकं पुरतात. मधल्यांनी फक्त वजन पेलायचं आणि ओढायचं.

मुळात फ्लँज चाकाला असावी हेही पहिल्यापासून ठरलेलं नव्हतं. ट्रेविथिक या ब्रिटिश इंजिनियरचं १८०४ चं इंजिन ज्या लाइनीवर धावलं तिथे रूळच इंग्रजी एल अक्षरासारखे होते, कड रुळाला आणि चाक सपाट. पण अशा रुळात माती-दगड साचतो, आणि कड हवी असते फक्त चाकाखाली, तर तुम्ही ती मैलोन्‌मैल बनवत बसता. चाकाला लावली की काम भागलं.


तिरकस तात्या | गुरुवार, संध्याकाळी ७:१५

आणि अतिरेक कुठे होतो तेही ऐकून ठेवा. रशियात १९३४ मध्ये सात जोड-अ‍ॅक्सलचं एक इंजिन बनवलं, ४-१४-४. चौदा मोठी चाकं! मधल्या तीन अ‍ॅक्सलना फ्लँज नव्हती, तरीही त्याने रूळ फाकवले, सांधे मोडले, आणि कामाला न लावता ते उभंच राहिलं. १९६० मध्ये भंगारात. अध्यक्षांना पुढच्या वर्षी 'अजून मोठं करूया' म्हणायची सवय असते म्हणून सांगून ठेवतो.


ग्वाल्हेरी चिवडा | गुरुवार, रात्री ९:००

बडोदेकरांनो, आमचंही ऐका. आमच्या शिंदे सरकारांची लाइन तुमच्याहून अरुंद, २ फूट, म्हणजे ६१० मिमी. ग्वाल्हेर ते श्योपूर दोनशे किलोमीटर, २०२० पर्यंत चालू. पण तिच्याहूनही अरुंद गाडी जयविलास पॅलेसमध्ये आहे. जेवणाच्या टेबलावर रूळ, त्यावर चांदीची आगगाडी, पाहुण्यांपुढे ब्रँडी आणि सिगार घेऊन फिरणारी. विलायतेत बॅसेट-लोक कंपनीने १९०६ मध्ये बनवली. बाटली उचलली की गाडी थांबते, ठेवली की चालू.

आणि दांडियाबाजारी, तिला वळणं आहेत. टेबलच्या टोकांना. महाराजांनी आठ जोडचाकांचा हट्ट धरला नव्हता.


दांडियाबाजारी | गुरुवार, रात्री ९:१०

😀 चिवडासाहेब, मान्य. पण महाराजांना पंचविसाव्या वर्षाचा दबाव नव्हता.

उद्या मकरपुरा.


दांडियाबाजारी | शुक्रवार, रात्री १०:२०

अहवाल. टर्नरभाईंना पहिल्या आणि चौथ्या अ‍ॅक्सलची फ्लँज ७० अंशांची, मुळाशी गोलाई देऊन करायला सांगितली. त्यासाठी त्यांनी टूल मुद्दाम घासलं. मधल्या दोन्हींच्या फ्लँज सपाट करा म्हटल्यावर माझ्याकडे असं बघितलं, की मी गणपतीची सोंड काढायला सांगतोय. "साहेब, पछी पडशे." (मग पडेल.) मी म्हटलं, तुमच्यासारखंच आमच्या फोरमवर एकजण म्हणतोय.

घरी आणलं, लावलं, सोडलं. पाऊण फेरी! पहिल्यांदाच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग तिसऱ्या अ‍ॅक्सलचं बाहेरचं चाक रुळावरून आत खाली पडलं. चढलं नाही, पडलं. चहाबाज, हसून घ्या.


चहाबाज | शुक्रवार, रात्री १०:२५

मी काही म्हणालो का? मी चहा पितोय.


जुना फिटर | शनिवार, सकाळी ६:१०

चूक माझी. लिहायला विसरलो. रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि झोप नाही.

बिनफ्लँजचं चाक नेहमी रुंद करतात. तुमच्या चाकाचा ट्रेड ४ मिमी असेल. वळणावर ते चाक अडीच मिमीच्या वर आत सरकतं, म्हणजे बाहेरच्या रुळावर त्याचा अर्धा-पाऊण मिमी उरतो. पट्टीच्या जोडावर थोडं वाकडं असलं की संपलं. ट्रेड बाहेरच्या बाजूला वाढवा. पूर्ण चाक ९ मिमी रुंद करा. फ्लँज होती तेवढी आतली जागा आता ट्रेडच आहे, ती आतल्या रुळावर उपयोगी पडेल. आणि व्यास चारही अ‍ॅक्सलचा सारखा ठेवा. सारखा म्हणजे व्हर्निअरवर सारखा, डोळ्यांनी नाही.

हे शेवटचं का सांगतो. रॉडने बांधलेली चाकं एकत्र फिरतात. एक लहान झालं तर ते रुळावर फरफटतं. शेडमध्ये एका चाकाची फ्लँज पातळ झाली की रडू यायचं. फ्लँज जाडीने १ मिमी परत मिळवायची तर ट्रेड अडीच मिमी खोल कातावा लागतो, व्यासात पाच. अडीचास एकचा उतार आहे ना, त्याचा हिशोब. आणि एकाचे पाच गेले की बाकीच्या सगळ्यांचे पाच. चांगल्या चाकांचं लोखंड भुश्यात. म्हणून वळणांच्या लाइनीवर आमचे साहेब फ्लँजला तेल मिळतंय की नाही हे पाणी मिळतंय की नाही याच्याइतकंच बघायचे.

वाफेच्या इंजिनाचं चाक एकसंध नसतं, टायर वेगळा असतो, तापवून चढवलेला. कातून कातून टायर पातळ झाला की ढिला व्हायची भीती. हातोडीने टणत्कार घेऊन बघायचो. घंटेसारखा वाजला तर घट्ट. थप्प वाजला तर इंजिन बाहेर. कान अजून तसाच आहे, बाकी काही राहिलं नाही.


वक्ररेषा | शनिवार, सकाळी ९:३०

काका, हे सगळं वेगळ्या धाग्यात लिहा ना. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).


दांडियाबाजारी | रविवार, संध्याकाळी ७:००

चालली!!!

मधली चाकं ९ मिमी, बिनफ्लँजची. टोकाची ७० अंश, उंची पुन्हा १.५. रुळाच्या आतल्या कुशीला बोटाने शिलाई मशीनचं तेल लावलं, डोक्यावर नाही (एकदा डोक्यावर लागलं तेव्हा चाकं जागच्या जागी फिरली, तेही शिकलो). सलग चाळीस फेऱ्या. अध्यक्षांनी स्वतः मोजल्या. टर्नरभाई बायको-मुलांना घेऊन बघायला आले, आणि मधल्या चाकांकडे बोट दाखवून मुलाला सांगत होते, "आ तो में ज कीधु हतु." (हे तर मीच सांगितलं होतं.) त्यांच्यासाठी शेव उसळ मागवली.

एक शंका राहिली. दर फेरीत मूर्तीच्या डाव्या हाताशी आली की गाडी कुईं करते. उतरत नाही, पण ओरडते. तेल लावूनही.


जुना फिटर | रविवार, रात्री ८:१५

आवाज एकाच जागी येतो म्हणजे दोष चाकात नाही, रुळात आहे. चाकात असता तर सगळीकडे ओरडली असती. तिथे रुळांमधलं अंतर मोजा.


दांडियाबाजारी | रविवार, रात्री ८:४०

काका, ४४.२! बाकी सगळीकडे ४५. तिथे प्लायवुडचा जोड आहे, आणि वर खिडकी. गेले तीन दिवस पावसाने तिथूनच झोडपलंय, प्लाय फुगलाय.


जुना फिटर | रविवार, रात्री ८:५५

खाच कानशीने आतून घासा, थोडी. खिडकी लावा.


तिरकस तात्या | रविवार, रात्री ९:०५

आणि आरतीच्या वेळी त्या बाजूला उभं राहायची जागा माझी. येतोय सहकुटुंब. चहाबाजलाही घेऊन येतो, त्याला मधली चाकं हात लावून बघायची आहेत.


चहाबाज | रविवार, रात्री ९:०७

गाडी थांबलेली असताना.